बंद खोलीतली हवा आणि रक्तातली साखर

हवा शुद्ध करणारे यंत्र घरात ठेवले तर 'बॉर्डरलाइन' साखर खाली येते का, हा प्रश्न वाचक वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. म्हणून या वेळी एकाच विषयाची पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.० आले. आहाराचे, व्यायामाचे समजले. पण प्रदूषित हवेनेही साखर वाढते असे वाचले. श्वासातून आत गेलेल्या धुळीचा साखरेशी संबंध कसा?

उत्तर : आधी आकडे पाहू. उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के, यांतले एक जरी जुळले तरी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषाने तो पूर्वमधुमेह. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची रेषा ११० वर धरते. तुमचे ११२ दोन्हीकडे बसतात. या अवस्थेत स्वादुपिंड इन्सुलिन बनवत असते, पुष्कळदा नेहमीपेक्षा जास्तच. पण स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. हवेचा संबंध इथेच येतो.

अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे पीएम २.५, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही बारीक असतात. नाक आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट वायुकोशांपर्यंत जातात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण काजळी काही पचत नाही. त्या पेशी मग इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा असे दाह पेटवणारे रेणू सोडत राहतात. हे रेणू रक्तातून स्नायूंत आणि यकृतात पोचले की इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत मध्येच अडखळतो. दुसरी वाट मज्जासंस्थेची. कणांमुळे फुप्फुसातली चेतातंतूंची टोके उत्तेजित होतात, अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके वाढतात, आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते.

हे नुसते तर्काने मांडलेले नाही. शांघायमध्ये ५५ निरोगी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात नऊ दिवस खरा प्युरिफायर आणि नऊ दिवस फिल्टर नसलेला दिखाऊ प्युरिफायर चालवून रक्ताची तुलना केली गेली. २०१७ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हवेत कण जास्त असताना कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन आणि इन्सुलिनला होणारा प्रतिरोध हे सगळे वरच्या बाजूला होते. टाइप २ मधुमेहाच्या २०१९ मधल्या जागतिक ओझ्यातला सुमारे पाचवा हिस्सा पीएम २.५ मुळे असावा, असा लोकसंख्येच्या पातळीवरचा अंदाजही आहे. तो कोट्यवधी लोकांचा हिशेब आहे. एका माणसाच्या रिपोर्टमधले किती अंक हवेचे, हे त्यावरून काढता येत नाही.

प्रश्न : मग प्युरिफायर घेतला तर एचबीए१सी किती उतरेल?

उत्तर : तेवढ्याच आशेने घेणार असाल तर घेऊ नका. घरातल्या प्युरिफायरवरचे बहुतेक प्रयोग काही दिवस ते काही आठवडे चाललेले आहेत. खोलीतले कण निम्म्याहून जास्त कमी होतात हे त्यांत वारंवार दिसते, रक्तदाब आणि दाहाच्या खुणा थोड्या सुधारलेल्या दिसतात. साखरेवरचा परिणाम मात्र छोटा आहे आणि प्रयोगागणिक बदलतो. पूर्वमधुमेहावरचा उपचार म्हणून प्युरिफायर लिहून द्यावा इतका भक्कम पुरावा नाही.

शेजारी हे ठेवून पाहा. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. वजनात किमान सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्याएवढा व्यायाम, एवढे ध्येय ठेवलेल्या गटात सरासरी पावणेतीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होते. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी कमी होते. कोणताही फिल्टर याच्या जवळपास येत नाही.

तरी घरातली हवा वाईट असेल तर प्युरिफायरला जागा आहे, आणि त्याचे मुख्य कारण हृदय आहे. पूर्वमधुमेह असलेल्यांना हृदयविकाराचा धोका आधीच जास्त असतो, आणि पीएम २.५ चा सर्वांत पक्का पुरावा हृदय व रक्तवाहिन्यांबद्दलचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आणि २४ तासांना १५ आहे. घरातला आकडा महिनोन् महिने ४०-५० च्या वर राहत असेल तर यंत्र घेणे शहाणपणाचे. तो मुळातच ७-८ असेल, तर तो पैसा चांगल्या बुटांवर घाला आणि चालायला लागा. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर पहिले काम ते थांबवणे. धूम्रपान करणाऱ्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी जास्त असतो, शेजारी बसून तो धूर घेणाऱ्यांनाही धोका वाढतो, आणि यंत्र तो धूर पुरता काढू शकत नाही.

प्रश्न : झोपायच्या खोलीत प्युरिफायर लावून तीन आठवडे झाले. ग्लुकोमीटरवर सकाळची साखर ११४ वरून १०६ वर आली. हे यंत्रामुळेच ना?

उत्तर : दोन आकड्यांवरून तसे म्हणता येत नाही. ग्लुकोमीटरसाठीचे २०१३ चे आयएसओ मानक असे, की १०० च्या वर शंभरातली ९५ वाचने प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असली की मीटर पास. म्हणजे खरी साखर ११० असताना मीटर ९५ ही दाखवू शकतो, १२५ ही. शिवाय उपाशीपोटीची साखर त्याच माणसात रोज पाच-सहा टक्क्यांनी हलते. रात्री उशिरा जेवण, अपुरी झोप, सर्दी, ताण, कशानेही. तुमचा आठ अंकांचा फरक या सगळ्यात सहज मावतो. आणि साखर नेहमीपेक्षा चढलेली दिसली त्याच सुमारास माणूस नवे यंत्र आणतो, त्यामुळे पुढची मोजणी आपसूकच थोडी खाली येते.

खरेच तपासायचे असेल तर असे करा. दोन आठवडे यंत्र चालू, दोन आठवडे बंद, पुन्हा दोन चालू, दोन बंद. रोज त्याच वेळी, उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत मोजा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी वाचन भलतेच वर जाते. पट्ट्या एकाच बॅचच्या वापरा आणि डबी लगेच बंद करा, दमट हवेने पट्ट्या बिघडतात. प्रत्येक टप्प्यात चौदा वाचने जमतील, त्यांच्या सरासरीची तुलना करा. दोन्ही 'चालू' टप्पे दोन्ही 'बंद' टप्प्यांपेक्षा खाली आले तरच काही बोलता येईल. या आठ आठवड्यांत आहार-व्यायाम बदलायचा नाही ही अट अवघड आहे. ज्यांना वजन उतरवायचे आहे त्यांनी या प्रयोगापायी ते पुढे ढकलू नये.

दंडावरचा सेन्सर पॅच लावणार असाल तर तो रक्तातली नव्हे, पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो. म्हणून पाच ते पंधरा मिनिटे मागे असतो, आणि पहिल्या दिवशी आकडे बरेचदा चुकतात. त्या कुशीवर झोपलात तर रात्री खोटी घसरणही दिसते. ती प्युरिफायरची करामत समजू नका.

एचबीए१सी मात्र तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत करा. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून त्याआधी पुरते चित्र येत नाही. ०.१ ते ०.२ चा फरक हा फरक मानू नका. लोह कमी असल्याने रक्तक्षय असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा वर दिसू शकते, हे डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा.

प्रश्न : खोक्यावर 'मोठ्या खोलीसाठी' असे लिहिलेले असते. आपल्या खोलीला किती क्षमतेचे यंत्र लागेल, हे कसे ठरवायचे?

उत्तर : खोक्यावरचे चौरस फूट विसरा, सीएडीआर शोधा. तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते, तो हा आकडा. खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा. चार बाय साडेतीन, उंची तीन, म्हणजे ४२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी असे धरले तर ४२ गुणिले ५, म्हणजे २१० सीएडीआर हवा. आकडा मिनिटाला घनफुटात दिला असेल तर १.७ ने गुणून घ्या.

फसगत पुढेच आहे. छापलेला सीएडीआर यंत्र सर्वांत वेगाने चालवून काढलेला असतो. रात्री तुम्ही ते सर्वांत हळू चालवता आणि तेव्हा पुष्कळ यंत्रे एक तृतीयांशच हवा ढकलतात. २१० ची गरज असेल तर ३५० च्या आसपासचे यंत्र घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. आवाजही सोसवेल, हवाही पुरेल.

फिल्टर खऱ्या हेपा दर्जाचा घ्या. युरोपीय मानकातला एच१३ सर्वांत निसटत्या आकाराचेही ९९.९५ टक्के कण धरतो. तो आकार ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा. याहून मोठे कण तंतूंवर आपटून अडकतात आणि याहून बारीक कण हवेत वेडेवाकडे भरकटत तंतूंना चिकटतात, म्हणून मधलेच पकडायला अवघड. 'हेपासारखा', 'हेपा-टाइप' या शब्दांना काही अर्थ नाही.

हात चालत असेल तर घरीही बनवता येतो. २० इंची चौकोनी पंखा, मर्व्ह-१३ दर्जाचे (मर्व्ह म्हणजे फिल्टर कण किती धरतो याची अमेरिकन श्रेणी) २० बाय २० इंचाचे चार फिल्टर आणि तळाला पुठ्ठा. चार फिल्टर भिंतींसारखे उभे करून चिकटपट्टीने जोडायचे, पंखा वर ठेवायचा, हवा वरून बाहेर फेकली गेली पाहिजे. फिल्टरच्या चौकटीवरचा बाण आतल्या बाजूला, पंख्याकडे असावा. सर्वाधिक चुका इथेच होतात. पंख्याच्या चौकोनाचे चार कोपरे पुठ्ठ्याने झाका, नाहीतर त्या फटींतून हवा उलटी आत ओढली जाते. २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थाल यांनी सुचवलेली ही रचना त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मर्व्ह-१३ एका फेरीत हेपाएवढे कण धरत नाही, पण हवा इतकी जास्त फिरते की हिशेब भरून निघतो. पंखा थर्मल फ्यूज (जास्त तापल्यास वीज तोडणारा) असलेलाच घ्या.

प्रश्न : यंत्र घेऊन चार महिने झाले. त्यावरचा दिवा कायम हिरवा असतो. ते खरेच काम करते का?

उत्तर : फिल्टर बाहेर काढून पाहा. नवा फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून यंत्राच्या आतच ठेवलेला येतो आणि कितीतरी घरांत ती पिशवी तशीच राहते. यंत्र गुणगुणते, दिवा हिरवा, हवा मात्र फिल्टरमधून जातच नाही. चार महिन्यांनंतरही घड्या पांढऱ्याशुभ्र असतील तर एक तर पिशवी आहे किंवा फिल्टर नीट बसलेला नाही.

यंत्रावरचा सेन्सर त्याच्याच स्वच्छ हवेच्या झोतात बसलेला असतो, म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. वेगळा साधा पीएम मीटर घ्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उशीच्या उंचीवर ठेवा. मग ही चाचणी करा. दारे-खिडक्या बंद करून मेणबत्ती पेटवा आणि विझवा, धूर पंख्याने मिनिटभर पसरू द्या, पंखा बंद करून यंत्र पूर्ण वेगात लावा. मीटरचा आकडा निम्मा व्हायला किती मिनिटे लागली ते लिहा. खोलीतला नेहमीचा आकडा दोन्ही वाचनांतून आधी वजा करून घ्या. ४१.६ ला त्या मिनिटांनी भागले की तासाला हवा किती वेळा साफ होते ते मिळते. दहा मिनिटे लागली तर ४.१६. आता यंत्र बंद ठेवून तेच करा. फटींतून आणि धूळ बसून आकडा ८० मिनिटांनी निम्मा झाला, तर ते ०.५२. वजाबाकी ३.६४, गुणिले खोलीचे ४२ घनमीटर, म्हणजे सीएडीआर सुमारे १५३. खोक्यावर २१० लिहिले असेल तर फिल्टर भरला आहे, नीट बसलेला नाही, किंवा यंत्र भिंतीला चिकटून आहे. सगळ्या बाजूंनी हातभर जागा सोडा, पडद्यामागे ठेवू नका. घरात दमेकरी असेल तर ही चाचणी ते बाहेर असताना करा आणि नंतर खिडक्या उघडा.

दमट दिवसांत असे मीटर आकडा फुगवून दाखवतात, कारण कण पाणी शोषून मोठे दिसतात. शेजारी अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर (हवेत पाण्याचा फवारा सोडणारे यंत्र) असेल तर पाण्यातल्या क्षारांची पांढरी भुकटी हवेत उडून मीटर शंभरीपार जाऊ शकतो. उकळून थंड केलेल्या पाण्याने हे थांबत नाही, क्षार तसेच राहतात. डिस्टिल्ड पाणी लागते.

बाहेरची जाळी दोन ते चार आठवड्यांनी व्हॅक्यूमने साफ करा. हेपा फिल्टर धुऊ नका, तंतूंची वीण बिघडते. फिल्टर बदलाचा दिवा बहुतेक यंत्रांत नुसते तास मोजतो, घाण नाही. लावल्याची तारीख फिल्टरच्या कडेवर मार्करने लिहा आणि वरची चाचणी दर दोन महिन्यांनी करा, म्हणजे बदलायची वेळ आपोआप कळेल.

प्रश्न : प्युरिफायर चालावा म्हणून रात्रभर सगळे बंद ठेवतो. सकाळी डोके जड असते.

उत्तर : यंत्र कण गाळते, कार्बन डायऑक्साइड काढत नाही. बाहेर तो सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, दोन माणसे झोपलेल्या बंद खोलीत पहाटेपर्यंत दोन हजारांच्या वर जाणे नवल नाही. खोलीचे दार घराच्या आतल्या बाजूला बोटभर उघडे ठेवा आणि यंत्राचा वेग एक पायरी वाढवा. बाहेरचा पीएम कमी असेल त्या वेळी दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे समोरासमोरच्या खिडक्या उघडा. घरात गॅसचा गीझर किंवा शेगडी जळत असेल तर खोली पूर्ण बंद करणे धोक्याचे आहे. कार्बन मोनॉक्साइड कुठलाही फिल्टर धरत नाही, त्याला स्वतंत्र अलार्म लागतो.

प्रश्न : आयोनायझर, ओझोनचे यंत्र किंवा झाडे चालतील का?

उत्तर : ओझोन सोडणारे यंत्र नकोच. ओझोन फुप्फुसांना इजा करतो आणि सफाईच्या द्रवातल्या लिंबाच्या, पाइनच्या वासाशी संयोग होऊन फॉर्माल्डिहाइड व नवे बारीक कण तयार होतात. आयोनायझरचे (हवेत विद्युतभारित कण सोडणारे) बटण असेल तर बंद ठेवा. झाडे आवडीसाठी ठेवा. खिडकीतून येणाऱ्या हवेइतका वायू शोषायला चौरस मीटरमागे दहा ते हजार झाडे लागतील असा हिशेब निघाला आहे.

प्रश्न : स्वयंपाकघरात यंत्र ठेवावे का? तळताना मीटर तीनशेच्या वर जातो.

उत्तर : तिथे ठेवू नका. तेलाची वाफ हेपाच्या घड्यांत बसते, फिल्टर महिन्याभरात खवट वास देऊ लागतो. धूर उगमाशीच पकडा. चिमणी बाहेर हवा फेकणारी असावी. जाळीतून गाळून हवा घरातच परत सोडणारी कण थोडे धरते, वायू नाहीच. चिमणी पातेले ठेवण्याआधी चालू करा आणि आच बंद केल्यावर पंधरा मिनिटे चालू ठेवा. शक्यतो मागच्या बर्नरवर शिजवा, तिथला धूर चिमणीच्या टोपीखाली जास्त सापडतो. झाकण ठेवा, तेल धुरावेपर्यंत तापवू नका. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइडही येतो, त्यावर हेपाचा उपयोग शून्य आणि यंत्रातल्या कोळशाच्या पातळ जाळीचा अगदी थोडा. इंडक्शन असेल तर रोजचे उकळणे-शिजवणे तिथे हलवा.

प्रश्न : यंत्राच्या आवाजाने झोप मोडते. बंद करू?

उत्तर : झोप मोडत असेल तर आधी उपाय करा. नाहीच जमले तर रात्री बंद ठेवा. कमी झोपेचा साखरेवरचा परिणाम फार स्पष्ट आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार तास झोपू दिले, तेवढ्यात ग्लुकोज हाताळायची त्यांची क्षमता ठळकपणे खालावली. आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटना झोपायच्या खोलीत ३० डेसिबल सुचवते. निजण्याच्या तासभर आधी यंत्र पूर्ण वेगात चालवून खोली स्वच्छ करा, मग वेग उतरवा. ते डोक्यापासून दोन मीटर लांब, रबराच्या चटईवर ठेवा, घरघर बरेचदा फरशीतून येते. दिव्यांवर काळी पट्टी लावा. 'ऑटो'वर ठेवू नका. वेग मध्येच वाढला की जाग येते, संथ एकसारखा आवाज सहसा त्रास देत नाही.

प्रश्न : बाहेरची हवा खराब असते तेव्हा चालायला जावे की नाही? न चालल्याने साखर वाढते, चालल्याने धूर आत जातो.

उत्तर : चालणे बंद करू नका, जागा आणि वेळ बदला. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो, भरभर चालताना त्याच्या तीन-चार पट. म्हणून खराब दिवशी व्यायाम प्युरिफायर चालू असलेल्या खोलीत करा, यंत्राचा खरा उपयोग या वेळी होतो. जागेवर चालणे, खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला टेकून दंड, रबरी पट्ट्या. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही रक्तातली साखर आत ओढतो, हा मार्ग पूर्वमधुमेहातही शाबूत असतो. जेवण संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटे एवढेच केले, तिन्ही वेळा, तरी जेवणानंतरचा साखरेचा उंचवटा खाली येतो. बाहेर जायचेच असेल तर रहदारीच्या रस्त्यापासून एक गल्ली आत चाला, तिथे धुराचे प्रमाण बरेच कमी असते. एन९५ मास्क नाकाच्या बाजूने फट न राहील असा बसवा. जोरात फुंकर मारल्यावर डोळ्यांना हवा लागली तर तो नीट बसलेला नाही. दाढी असेल तर तो कधीच पुरता बसत नाही. मास्क लावून धाप लागत असेल तर वेग कमी करा, आणि छातीत दाटले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवा.